दगडी बांधापलीकडच्या काकू

बोलता बोलता मध्येच कुणीतरी आपलं कोपर धरलंय असं वाटलं की समजायचं, काकूंना काहीतरी दिसलं. त्या हात धरायच्या नाहीत की खांद्यावर थाप मारायच्या नाहीत. दोन बोटांनी कोपर धरायच्या आणि हळूच म्हणायच्या, "थांब. आधी बघ, मग बोल." थांबायचं ते माझंच बोलणं, कारण त्या आधीपासून गप्पच असायच्या.

आता मी पडले नागपूरची. आमच्या घरात सहा माणसं आणि सहाही एकाच वेळी बोलतात, ऐकायला कुणी शिल्लक राहत नाही. त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा मला चक्क राग आला. मनात म्हटलं, बाप्पा, बोलूही देत नाहीत या. पण त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं की खरंच काहीतरी असायचं. एकदा वाळल्या पानांच्या रंगाचा बेडूक होता, माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. एकदा दवानं भरलेलं कोळ्याचं जाळं होतं. आणि एकदा तर काहीच नव्हतं. मी विचारलं, "काय आहे काकू?" तर म्हणाल्या, "काही नाही. तू फार बोलत होतीस."

तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल, जे आपल्याला गप्प करतं आणि तरी आपण परत परत त्याच्याकडे जातो. माझ्या बाबतीत ते माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी नावाच्या गावात भेटलं, तेही मी कोथिंबीर आणायला निघाले होते तेव्हा.

२००३ सालचा ऑक्टोबर होता. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. गाडी चालवता येत नव्हती. नवरा सकाळी आठला कंपनीत जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. दोन माणसांच्या पोळ्या लाटून लाटून किती लाटणार? आमच्या अपार्टमेंटच्या मागून एक पायवाट झाडांत शिरत होती. मला वाटलं, हा इंडियन ग्रोसरीकडे जायचा शॉर्टकट असणार. कापडी पिशवी घेतली आणि निघाले. वीस मिनिटं चालले तरी दुकान नाही, रस्ता नाही, माणूस नाही, नुसती लाल-पिवळी झाडं. स्वतःशीच बडबडत होते, "काय बाई गाव आहे हे, दुकानाच्या वाटेवरही जंगल."

"दुकान मागे राहिलं," असं मराठीतच कुणीतरी म्हणालं.

पाहिलं तर दगडांच्या एका बुटक्या बांधावर एक बाई बसल्या होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगात पुरुषी कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. कोटाच्या खिशातून भाजलेले चणे काढून एकेक तोंडात टाकत होत्या. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "इकडे काहीच नाही. येतेस बघायला?"

मी गेले. कोथिंबीर त्या दिवशी आलीच नाही.

काकू मूळच्या सांगलीकडच्या. साठच्या दशकाच्या शेवटी डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आल्या, स्वतःही पॅथॉलॉजिस्ट. तीसेक वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मी त्यांना म्हटलं, "कंटाळा नाही आला?" त्या म्हणाल्या, "कंटाळा यायला आपण घाईत असावं लागतं." रिटायर झाल्या त्याच वर्षी काका गेले. तो कोट काकांचा. घर त्या रानाला अगदी लागून होतं. मागचं दार उघडलं की दहा पावलांवर पहिला ओक. गावानं ती जमीन राखून ठेवलेली, तिथे कधी घरं होणार नव्हती.

त्याला जंगल म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "जंगलात वाघ असतो. हे रान आहे." आणि त्या दगडी भिंतींना त्या बांधच म्हणायच्या. मला आधी कळेना, भर झाडीत हे बांध घातले कुणी? तर पूर्वी तिथे शेतं होती. लोकांनी जमिनीतले दगड वेचून वेचून कडेला रचले, पुढे शेतं सोडून दुसरीकडे गेले, आणि शेतात झाडं उगवली. काकूंना ही गोष्ट फार आवडायची. नव्या माणसाला पहिल्या फेरीत ती सांगायच्याच, आणि सांगताना बांधावरून हात फिरवायच्या.

नवी माणसं बरीच होती. पुण्याची, मुंबईची, आमच्या नागपूरचीही, सगळी कॉम्प्युटरवाली. शनिवारी सकाळी काकूंच्या मागून पाच-सात जणांची ओळ रानात शिरायची. मोबाइल गाडीत ठेवून यायचं, एवढा एकच नियम. एकदा एका पुणेकरानं विचारलं, "काकू, टोटल किती माइल होतात?" काकूंनी त्याला खिशातले चणे दिले आणि म्हणाल्या, "हे संपेपर्यंत चालायचं." तो बिचारा पुढे एकेक चणा चघळत चालत होता. मार्च संपता संपता बर्फ वितळून रानातल्या खोलगट जागांत पाणी साचायचं आणि त्यात बेडूक ओरडायचे, अगदी बदकांसारखे. ते ऐकायला त्या आम्हाला अर्धा-अर्धा तास ओल्या जमिनीवर उभं करायच्या. आमची पावलं वाजली की बेडूक चिडीचूप. मग हलायचं नाही. मला माझ्या आयुष्यात अर्धा तास गप्प कुणी ठेवलेलं नाही, आईनंसुद्धा. काकूंनी ठेवलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा टेक्सासला, फ्रिस्कोत. इंजिनियर, बायको, दोन मुली, मोठं घर. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो म्हणायचा, आई, इकडे ये. वाईट नव्हता तो. आई एकटी, बर्फाचा मुलूख, त्याला काळजी वाटणारच. पण काकूंना जायचं नव्हतं. "काका गेल्यावर माझं इथे दोनच गोष्टींत मन आहे," त्या मला म्हणाल्या होत्या. "हे घर आणि हे रान. तिकडे गेले की दोन्ही गेली." मग म्हणाल्या, "मी पडले असं फ्रिस्कोला कळलं की संपलं बघ." म्हणून त्या फार जपून चालायच्या. काठी घ्यायच्या, बुटांना खिळे लावायच्या. मला वाटायचं वयामुळे. पण ते वयामुळे नव्हतं. पडलो तर इथलं सगळं सुटेल, ही भीती होती.

आता माझा पराक्रम सांगते.

२००४ ची वटपौर्णिमा. पौर्णिमा होती आठवड्याच्या मध्यात, पण अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारीच येतात. आम्ही सात जणी. वड कुठून आणणार? एकीनं कुंडीतल्या रबराच्या रोपाला दोरा गुंडाळायचं सुचवलं. मी म्हटलं, छे, रान असताना कुंडी कशाला? मला एक झाड माहीत आहे, थेट वडासारखं, त्याला पारंब्याही आहेत. आणि खरंच होत्या. एका मोठ्या ओकाच्या खोडावर जाडजूड दोरखंडासारखं काहीतरी चढलेलं होतं, त्याला तपकिरी केस फुटलेले, वर हिरवीगार तीन-तीन पानं. मी स्वतःच्या हुशारीवर खूश.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगते. आम्ही काकूंना बोलावलं नव्हतं. त्या विधवा. कुणी उघड म्हणालं नाही, आम्ही सगळ्या शिकलेल्या ना. नुसतं "त्यांना कशाला त्रास" असं एक जण म्हणाली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ज्यांच्या मागून मी दर शनिवारी त्या रानात फिरत होते, त्यांना वगळून मी त्याच रानात पूजा मांडली.

चौथी फेरी चालू होती. पैठण्या, नथी, हातात सुताची गुंडी. फोटोसाठी मी त्या पारंब्यांना मिठी मारून, गाल टेकवून उभी. तेवढ्यात वाटेवर काकू दिसल्या. त्या लांबच थांबल्या. माझ्या शेजारची पुटपुटली, "आत्ताच कशा आल्या या." आणि काकू मोठ्यानं म्हणाल्या, "हात काढा. सगळ्या जणी मागे व्हा." त्यांचा चढा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमच्यातल्या एकीचा चेहरा असा झाला, जणू भर पूजेत अपशकुन झाला.

"ती पारंबी नाही," काकू म्हणाल्या. "पॉयझन आयव्ही आहे. आपल्याकडे बिब्बा उततो ना अंगावर? त्याच्याच कुळातली वेल."

बिब्बा म्हटल्यावर मी तर गारच पडले. आमच्या आजीच्या पायावर बिब्बा उतून आलेले फोड मी लहानपणी पाहिले होते.

मग काकूंनी सात सवाष्णींना ओळीनं आपल्या परसात नेलं. नळाला लांब पाइप लावला, भांडी घासायचा साबण घेतला, आणि एकेकीचे हात कोपरापर्यंत स्वतः धुतले. हातात रबरी मोजे. पैठण्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत गेल्या आणि आम्ही काकूंच्या नाहीतर काकांच्या जुन्या शर्टांत घरी गेलो. ज्या बाईला आम्ही ओवाळायला चालणार नाही म्हणून टाळलं, ती माझा गाल साबणानं चोळत होती. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडू नकोस, डोळ्यात जाईल."

तरी दोन दिवसांनी माझा चेहरा सुजून भोपळा झाला. सात जन्मांचं मला माहीत नाही, पण सात दिवस नवरा माझ्याजवळ फिरकला नाही. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही असं काकूंनी फोन करून सांगितलं, तरी तो सोफ्यावरच झोपायचा.

बरी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "काकू, चुकलं आमचं. तुम्हाला बोलवायला हवं होतं."

त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "बोलावलं असतंस तरी दोरा गुंडाळायला मी आले नसते गं. झाड दाखवायला आले असते."

पुढच्या वर्षापासून झाड त्यांनी निवडलं. राखाडी गुळगुळीत खोडाचं बीच, आजूबाजूला मोकळी जमीन. आम्ही फेऱ्या मारायचो, त्या बांधावर बसून चणे खायच्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्या जाऊन सगळा दोरा सोडवून आणायच्या. पाखरांच्या पायात अडकतो म्हणून. मी एकदा त्यांना सोडवताना पाहिलं. ओढून तोडत नव्हत्या, उलट्या फेऱ्या मारून गुंडीला परत गुंडाळत होत्या. सात बायकांचा दोरा म्हणजे केवढ्या फेऱ्या झाल्या. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे, मला आवडतं हे."

आणि मग २००७ चा फेब्रुवारी.

आम्ही दोघीच होतो. रात्रीच्या पावसावर थंडी पडून बर्फाची काच झाली होती. बांध ओलांडताना काकूंची काठी सटकली. खिळ्यांचे बूट होते, तरी त्या पडल्या, उजव्या हातावर. मनगट लगेच सुजलं. मी तोवर गाडी शिकले होते. हॉस्पिटलकडे जाताना दुखत असतानाही त्या एवढंच म्हणाल्या, "रानाचं नाव काढू नकोस हं त्याच्याजवळ."

त्या आत एक्स-रेला गेल्या आणि त्यांच्या फोनवर मुलाचा फोन आला. मी घेतला. हॉस्पिटलनं त्याला कळवलं होतं, तो घाबरलेला. "आई कशी पडली? व्हेअर?"

काकूंनी नुसतं नाव काढू नको म्हटलं होतं. घरातच पडल्या म्हटलं असतं तरी खूप झालं असतं. पण मी मेली अतिशहाणी. म्हटलं, "अहो, बेसमेंटच्या जिन्यावर. हातात कपड्यांची बास्केट होती. तिसरी पायरी जरा हलते ना. आणि तिथला बल्बही गेलेला." इतकं रंगवून सांगितलं की मलाच तो जिना डोळ्यांपुढे दिसायला लागला. फोन ठेवला तेव्हा मला वाटत होतं, वाचवलं मी काकूंना.

दुसऱ्या दिवशी तो विमानानं आला. टॉर्च घेऊन बेसमेंटच्या जिन्यावर वर-खाली गेला, प्रत्येक पायरीवर उड्या मारून पाहिल्या. एकही हलेना. पण त्याचं ठरलं होतं. "आई, हे घर तुझ्यासाठी सेफ नाही. घरातल्या घरात पडलीस तू."

काकू पॅथॉलॉजिस्ट, खोट्यावर फार वेळ उभ्या राहणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, मी रानात पडले, बर्फावरून घसरले, असं कुणीही घसरतं. तर तो म्हणाला, "आई, प्लीज. घर सोडायला नको म्हणून तू हे आत्ता सांगतेस. त्यांनी मला सगळं सांगितलंय." त्या म्हणजे मी. स्वतःच्या आईवर त्याचा विश्वास बसेना, माझ्यावर बसला.

मी त्याला फोन केला. तो परत फ्रिस्कोला गेला होता. खरं काय ते सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, हिवाळ्यात नाही जाऊ देणार मी त्यांना रानात, रोज घरी चक्कर मारीन, पण त्यांना इथे राहू द्या. तो नीट मराठीत, शब्द शोधत शोधत म्हणाला, "तुम्ही आईसाठी खोटं बोललात. मला समजतं. पण तिथे माझा भरवशाचा एकच माणूस होता. तुम्ही. आता उद्या ती परत पडली आणि तुम्ही म्हणालात ती ठीक आहे, तर मी काय समजू?"

मी काकूंकडे गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडले. माझ्यामुळे त्यांचं घर चाललं होतं, रान चाललं होतं, आणि त्या प्लास्टरमधल्या हातानं माझ्यासमोर चिवड्याची बशी सरकवत होत्या. म्हणाल्या, "लपवायला मी सांगितलं तुला. तू लपवलंस. आता तू एकटीच कशाला रडतेस?" पुन्हा हा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मोठी माणसं मी बरीच पाहिली, पण आपलं एवढं मोठं नुकसान करणाऱ्याला चिवडा देणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

घर विकायला वर्षाहून जास्त लागलं. बाजार पडलेला होता. घर बघायला कुणी आलं की मी मनात म्हणायची, देवा, यांना स्वयंपाकघर आवडू नये. पण शेवटी एका जोडप्याला आवडलं. तेही मागच्या दारातून दिसणाऱ्या ओकामुळे.

पुढे फ्रिस्कोहून त्यांचे फोन यायचे. तिथे नवीन वसाहत, रस्त्याच्या कडेला काठ्यांना बांधलेली रोपं. "इथली झाडं अजून शाळेत आहेत," म्हणायच्या. नातींना घेऊन तळ्यावर जायच्या. तक्रार कधी केली नाही. पण मला तुम्हाला सांगायचंय ते त्यांच्या इथल्या शेवटच्या सकाळबद्दल.

२००८ चा मे. मुलगा आला होता, घरात खोकी बांधणं चाललं होतं, संध्याकाळचं विमान. काकू मागच्या दारातून बाहेर पडल्या आणि मला म्हणाल्या, "चल, एक फेरी मारू. आज तू पुढे हो."

मी पुढे झाले. साडेचार वर्षं मी त्यांच्या मागून चालले होते, बडबडत. वाट अशी कधी पाहिलीच नव्हती. पहिला बांध ओलांडला तोवर ठीक होतं, पुढे वाट दोन ठिकाणी फुटत होती. मी अंदाजानंच डावीकडे वळले. थोड्या वेळानं खाली चिखल लागला, मग नेचाच नेचा, कमरेइतका. एक आडवा पडलेला पाइन ओलांडला. दहा मिनिटांनी तोच पाइन परत पुढ्यात. घरी मुलगा वाट बघत असणार, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा मी यांची वाट चुकवली. मागे वळून म्हटलं, "काकू, आपण चुकलो. मला कळतच नाहीये कुठून आलो ते."

त्या शांतपणे नेचातून येत होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं पानं बाजूला करत. म्हणाल्या, "उजवीकडे वळायला हवं होतं. त्या पहिल्या फाट्यावरच."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

काकू पाइनच्या खोडावर टेकल्या. माझ्याकडे नाही बघितलं त्यांनी, वर झाडांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आज मला लवकर घरी जायचं नव्हतं गं."

मी त्यांना हात दिला, त्या उठल्या, आणि पुढच्या फाट्यावर उजवीकडची घराची वाट स्पष्ट दिसत असताना मी परत डावीकडे वळले.